भीतीचा पाठ मुलांना वाचवत नाही

अमली पदार्थांविषयी शाळेत मुलांशी मोकळेपणाने बोलायला हवं, असं म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं. ‘त्यांना माहीत नाही ते कशाला सांगायचं? नाव कळलं की कुतूहल वाढतं आणि कुतूहलापोटीच पोरं वाया जातात. त्यापेक्षा चांगला धाक घाला, शपथ घ्यायला लावा. जो सापडेल त्याला दाखला देऊन घरी पाठवा, म्हणजे बाकीचे सरळ राहतील.’ पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत, संस्थाचालकांच्या बैठकीत हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. ते देणारी माणसं मुलांच्या काळजीनेच बोलत असतात, याबद्दल मला शंका नाही. पण काळजी खरी असली तरी उपाय चुकू शकतो, आणि हा उपाय चुकलेला आहे. धाक, शपथ आणि हकालपट्टी यांनी मुलं नशेपासून लांब राहत नाहीत, आपल्यापासून लांब जातात.

आधी ‘त्यांना माहीत नाही’ हे गृहीतक तपासू. शाळकरी मुलांमधल्या तंबाखूसेवनाची जी जागतिक पाहणी होते, तिच्या २०१९ च्या फेरीत भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात वापरत असल्याचं दिसलं. धूर न निघणारी, म्हणजे खायची-चघळायची तंबाखू ज्यांनी वापरली होती, त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच तोंडात टाकली होती. ही चौथी-पाचवीतली मुलं आहेत. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने देशभरातल्या पाहणीचा अहवाल दिला. हुंगून नशा करण्याचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढायचं सोल्युशन, हा एकच प्रकार असा निघाला, की ज्याचं प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. या एका प्रकारासाठी मदतीची गरज असलेली मुलं देशात ४ लाख ६० हजार असल्याचा त्या अहवालाचा अंदाज आहे. हे पदार्थ कुणी परदेशातून चोरून आणत नाही. ते दप्तरात, स्टेशनरीच्या दुकानात आणि सायकलच्या दुकानाच्या फळीवर असतात. मुलांना माहिती आधीच मिळालेली आहे. ती कुणाकडून मिळावी, एवढंच ठरवणं आपल्या हातात उरलं आहे.

महाराष्ट्राने हा वाद आधीही एकदा घातला आहे. २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला विधिमंडळात विरोध झाला आणि तो थांबवला गेला. ‘मुलांना नको ते कळेल’ हाच तेव्हाचाही मुख्य मुद्दा होता. कार्यक्रम थांबला, मुलांचे प्रश्न थांबले नाहीत. त्यांची उत्तरं पुढे मोबाइलच्या पडद्यावर मिळू लागली आणि त्या उत्तरांवर ना शिक्षकांचा ताबा राहिला ना पालकांचा. नशेच्या बाबतीत आपण तीच चूक पुन्हा करायला निघालो आहोत.

आता शाळा प्रत्यक्षात काय करते ते पाहू. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. प्रभातफेरी निघते, हात पुढे करून शपथ होते, चित्रकला स्पर्धा होते. चित्रांत कवटी असते, इंजेक्शनची सुई असते, काळा चष्मा लावलेला अनोळखी माणूस असतो. एखादे पोलीस अधिकारी किंवा पाहुणे येऊन पाऊण तास भाषण करतात. फोटो निघतात, अहवाल वर जातो आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो.

पहिला घोट मात्र त्या चित्रातला माणूस देत नाही. तो मामाचा मुलगा देतो. वरात निघालेली असते, डीजेच्या भिंतीसमोर पोरं घामाघूम होऊन नाचत असतात. गाडीच्या आडोशाला कोल्ड्रिंकची बाटली फिरत असते आणि तिच्यात काय मिसळलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून कुणीतरी म्हणतो, ‘घे रे, दादाचं लग्न एकदाच असतं. एका घोटाने काय होतंय? लहान आहेस का अजून?’ या क्षणी त्या मुलाला शपथेचे शब्द आठवले तरी ते उपयोगाचे नसतात. दादाला न दुखावता, मित्रांत हसं न होऊ देता, तिथून निघूनही न जाता नकार कसा द्यायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो आणि त्याची तयारी कुणीही करून घेतलेली नसते. विसर्जनाची मिरवणूक, धुळवड, ३१ डिसेंबर, क्लासच्या पोरांची लोणावळ्याची सहल, हॉस्टेलची गच्ची, जागा बदलते पण प्रसंग हाच असतो. अनोळखी माणसाची भीती घालून आपण मुलाला चुकीच्या दिशेला पाहत उभं करतो.

भीती घालण्यातला दुसरा धोका याहून मोठा आहे. ‘गांजाचा एक झुरका मारलास की संपलास’ असं नववीत सांगितलेला मुलगा अकरावीला शहरात येतो. तिथे खोलीतला सीनियर महिनोन् महिने गांजा ओढताना दिसतो आणि तरीही परीक्षा पास होतो. मुलगा त्यातून एकच अर्थ काढतो, की मोठी माणसं खोटं बोलली. मग जे खरं सांगितलं होतं तेही तो त्याच टोपलीत टाकतो. गांजाने काहींच्या बाबतीत स्मरणशक्ती आणि अभ्यासाची उमेद हळूहळू खचते, काहींना भास व्हायला लागतात, हे खरं. एमडी (मेफेड्रोन) म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, हेही खरं. पण आता त्यावर त्याचा विश्वास उरलेला नसतो. अतिशयोक्तीने मुलाचं जे नुकसान होतं ते खरी माहिती ऐकून झालेलं कुठे दिसत नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. धाक आणि शपथेचा प्रयोग अमेरिकेने आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत जाऊन धडे देत, शेवटी मुलं शपथ घेत, त्यांना टी-शर्ट मिळत. पुढे देशातल्या बहुतांश शालेय जिल्ह्यांत तो पसरला. पालक खूश, पोलीस खूश, नेते खूश. मग संशोधकांनी तो घेतलेली आणि न घेतलेली मुलं ताडून पाहिली. केंटकीतल्या मुलांचा तर दहा वर्षांनंतर माग घेतला गेला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आला, की दोन्ही गटांतल्या मुलांच्या नशेच्या प्रमाणात फरक नाही. २००३ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही हेच सांगितलं. अखेर २००९ मध्ये संस्थेने जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून संवादावर आणि सरावावर बेतलेला नवा स्वीकारला. १९९८ पासून तिथल्या सरकारने नशाविरोधी जाहिरातींवरही एक अब्जाहून अधिक डॉलर ओतले. त्या जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांनी गांजा कमी ओढला नाही. उलट ‘सरकार एवढं ओरडतंय म्हणजे सगळेच ओढत असणार’ असा समज वाढल्याच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने जगभरचे असे अभ्यास एकत्र करून प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कशाचा उपयोग होत नाही याची यादी त्यांत आहे. एकतर्फी भाषण, भीती घालणारी माहिती, नुसता नीतिबोध आणि व्यसनातून सुटलेल्या माणसाला व्यासपीठावर उभं करून त्याची कहाणी ऐकवणं. आपल्या २६ जूनच्या कार्यक्रमपत्रिकेतला बहुतेक मजकूर या यादीत सापडतो.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. नुसत्या माहितीने मुलं वाचत नाहीत. फळ्यावर पदार्थांची नावं आणि समोर त्यांचे दुष्परिणाम लिहून दिले तर मुलं ते पाठ करतील, पेपरात लिहितील आणि संध्याकाळी टपरीवर जातील. माहितीला मर्यादाही हव्यात. पदार्थ कुठे मिळतो, कसा घेतात, घेतल्यावर कसली मजा वाटते, हे वर्गात सांगायचं काहीच कारण नाही. पण या मर्यादा घालून जे शिकवता येतं ते भरपूर आहे आणि तेच आज शिकवलं जात नाही.

पहिली-दुसरीच्या मुलाला एवढंच पुरे, की अनोळखी गोळी, अनोळखी बाटली तोंडाला लावायची नाही आणि औषध मोठ्यांच्या हातूनच घ्यायचं. सहावी-सातवीत तंबाखू, गुटखा आणि हुंगायच्या रसायनांवर बोलावंच लागतं, कारण त्या वयात तीच समोर असतात. आठवी-नववीत दारू, व्हेप आणि मित्रांचा आग्रह. अकरावी-बारावीत एमडी, झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचा गैरवापर, कायदा आणि आणीबाणीचा प्रसंग. हे एका दिवसात उरकत नाही. दर वर्षी काही तास, मुलांना ओळखणाऱ्या त्यांच्याच शिक्षकाने, प्रशिक्षण घेऊन द्यायला हवेत. त्यातले निम्मे तास तरी मुलांच्या तोंडी असावेत. वरातीचा तो प्रसंग वर्गात उभा करा. एकाला दादा करा, एकाला धाकटा भाऊ करा आणि नकाराचे शब्द मुलांनाच शोधू द्या. कुणी म्हणेल ‘उद्या सकाळी मॅच आहे’, कुणी म्हणेल ‘आईला वास येतो लगेच’, कुणी सरळ म्हणेल ‘नको, मला आवडत नाही’. दहा वेळा म्हणून जीभ वळली की अकराव्या वेळी खऱ्या वरातीतही वळते.

त्याच तासाला मुलांना तो ८.५ टक्क्यांचा आकडा उलट्या बाजूने दाखवावा. १०० पैकी ९१ मुलं तंबाखूला शिवत नाहीत. ‘सगळी तरुण पिढी नशेत बुडाली’ असं आपण सतत म्हणतो, तेव्हा न घेणाऱ्या मुलाला आपणच एकटं पाडतो. सगळेच घेतात असा गैरसमज हे किशोरवयात नशेची सुरुवात होण्याचं एक मोठं कारण आहे. बहुसंख्य मुलं घेत नाहीत, हे सत्य न घेणाऱ्या मुलाच्या बाजूला उभं करायला हवं.

पुढचा आक्षेप जरा वेगळा असतो. ‘जबाबदारीने निर्णय घ्यायला शिकवा म्हणजे जपून प्या असंच सांगणं ना?’ नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी संदेश एकच आहे, घेऊ नकोस. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो आणि सुरुवात जितकी लवकर तितका व्यसन जडण्याचा धोका जास्त. यात तडजोड नाही. पण नशेशी संबंधित निर्णय स्वतः घेण्या-न घेण्यापुरते नसतात. दारू प्यायलेल्या मित्राच्या बाइकवर मागे बसायचं का? कुणी ‘ही पुडी फक्त तेवढी पोचव’ म्हणून पाचशे रुपये हातात ठेवले तर काय करायचं? गच्चीवर मित्र बेशुद्ध पडला तर पळून जायचं की थांबायचं? कधीही थेंब न घेतलेल्या मुलालाही हे निर्णय घ्यावे लागतात.

त्या गच्चीवर काय होतं ते जवळून पाहू. मित्र आडवा पडला आहे, हाक मारली तर ओ देत नाही, घशातून घरघर येते आहे. बाकीची मुलं घाबरली आहेत. तो पडल्याची नव्हे, घरी कळण्याची भीती त्यांना जास्त आहे. कुणी लिंबूपाणी तोंडात ओतायला जातं, कुणी अंगावर पाणी मारतं, कुणी म्हणतं ‘झोपू दे, सकाळी उतरेल’. उताणा ठेवलेला मुलगा उलटी घशात अडकून गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. एवढ्या पाच गोष्टी. हुंगणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर मोठ्यांनाही शिकायला हवं. या रसायनांनी हृदयाची लय बिघडते आणि त्याच वेळी तो दचकला, जिवाच्या आकांताने पळाला, तर हृदय अचानक बंद पडू शकतं, अगदी पहिल्याच वेळी. रुमाल नाकाला लावलेल्या पोरावर ओरडून त्याच्यामागे धावणारा शिक्षक किंवा शिपाई त्याच्या भल्यासाठीच धावतो, पण त्या धावण्यात पोराचा जीव जाऊ शकतो. शांत आवाजात बोलायचं, मोकळ्या हवेत बसवायचं. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठा, हे आपण गावोगावच्या मुलांना शिकवतो. ते शिकून कुणी नाग पाळायला घेत नाही.

‘हे पोलिसांचं काम आहे, विकणाऱ्यांना पकडा’ असंही म्हटलं जातं. पकडायलाच हवं. पण महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कोणत्या टपरीवर मिळतो हे सातवीतल्या मुलाला विचारावं. एमडीचा २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात समावेश झाला. त्यानंतर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात ते बनवणारा कारखाना सापडला आणि २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. पुरवठ्यावर घाव घालणं अटळ आहे, पण त्या कारवाईतून सुटलेली पुडी ज्या मुलासमोर येईल, त्याच्याजवळ त्या क्षणी पोलीस नसतो. ‘हे घरच्यांनी शिकवावं’ म्हणणाऱ्यांनी त्या घरांचा विचार करावा, जिथे वडीलच मुलाला पुडी आणायला पाठवतात. त्या मुलाला शाळा सोडून दुसरी जागा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१६ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर निकाल देताना, हा विषय शालेय अभ्यासक्रमात आणण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते.

आणि हकालपट्टी? दप्तरात व्हेप सापडलं म्हणून मुलाला दाखला दिला, की शाळेचं नाव वाचतं. मुलाचं काय होतं? ज्या एका जागी त्याची दिवसभर विचारपूस होत होती ती जाते आणि उरते टपरी. वर्गातली बाकीची मुलं त्यातून एवढंच शिकतात, की काही झालं तरी सरांना कळू द्यायचं नाही. गच्चीवर १०८ ला फोन न करणारी मुलं इथेच तयार होतात.

आपला कायदा या शाळांपेक्षा अधिक समजूतदार आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं ६४-अ कलम सांगतं, की व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जाऊ नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बोट मुलाकडे न दाखवता देणाऱ्याकडे दाखवलं. ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वरातीत पंधरा वर्षांच्या भावाच्या हातात बाटली देणारा दादा या कलमात बसतो. शाळेत धाक घालायचाच असेल तर पालकसभेत हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

महाराष्ट्राला तर हे बाहेरून शिकायची गरज नाही. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पुण्या-मुंबईतली कोवळी पोरं गिळायला सुरुवात केली तेव्हा, १९८६ मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हा त्या कामाचा पाया होता. व्यसन जडल्यावर माणसाला जवळ घ्यायचं हे आपल्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. मग ज्याने पहिल्यांदाच व्हेप ओढलं त्या मुलाला दारात उभं करायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

प्रेमाने वागणं म्हणजे सैल सोडणं, असंही कुणी समजू नये. आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारूने झिंगली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे रात्री उशिरा मुलांनी एकटं बाहेर राहायचं नाही असा नियम कडकपणे पाळला गेला, पालकांनी एकत्र येऊन आपसांत करार केले, खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारने पैसे दिले आणि दर काही काळाने मुलांनाच निनावी प्रश्न विचारून दिशा तपासली. नियम होते, पण त्यांच्या जोडीला संध्याकाळी जायला मैदान होतं आणि वेळ देणारे आईवडील होते. आपल्याकडे शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप लागतं आणि त्याच मैदानाच्या भिंतीबाहेर टपरी उघडते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ चा कायदा मनाई करतो. ती टपरी हटवा आणि मैदानाचं कुलूप काढा, ही दोन्ही कामं शिक्षणाचीच आहेत.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. २६ जूनची प्रभातफेरी हवी तर काढा, पण तिला नशामुक्तीचं शिक्षण म्हणू नका. सहावी ते बारावी दर वर्षी किमान आठ-दहा तास वेळापत्रकात धरा आणि त्यासाठी प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक तयार करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आणि १०८ हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहा. पहिल्यांदा सापडलेल्या मुलाला दाखला मिळणार नाही, समुपदेशन मिळेल, असं शाळेच्या नियमांत छापा आणि पालकांच्या सह्या घ्या. पालकांनी एक गोष्ट मुलाला आजच सांगावी, ‘कुठेही अडकलास, कितीही वाजले, तरी मला फोन कर. मी न्यायला येईन, आणि आधी तुला घरी आणेन, बोलणं दुसऱ्या दिवशी.’ आणि हा शब्द पाळावा.

मुलं चुकणारच नाहीत अशी हमी कुठलंही शिक्षण देत नाही, मीही देत नाही. पण चुकलेलं मूल सगळ्यात आधी आपल्याकडे येईल की सगळ्यात शेवटी आपल्याला कळेल, हे मात्र आपल्या वागण्यावर ठरतं. धाकावर विसंबलेल्या शाळेत ते नेहमी शेवटीच कळतं, आणि तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.